पांढरा बर्फ अर्धा

"किती?" काठावरून रॉडीने पुन्हा ओरडून विचारलं.

एफी धरणाच्या गोठलेल्या पाण्यावर गुडघे टेकून बसली होती. लांब दांड्याचं गिरमिट तिने भोकातून उपसून काढलं, टोकाला आकडी असलेली मापाची पट्टी आत सोडली, बर्फाच्या बुडाला अडकवली आणि वाचली. मग पट्टी बाजूला ठेवून ती त्या भोकाची कडाच निरखत बसली.

"अगं बाई, इथं माझा जीव टांगणीला लागलाय. तोंड उघड की!"

"जाडी चांगली आहे," एफी म्हणाली. "बर्फ चांगला नाही."

"झालं! म्हणजे जेवण झकास झालंय, पण खाऊ नका!" रॉडी वाळल्या गवतात पाय आपटत होता. थंडीने आपटत होता की रागाने, त्याचं त्यालाच ठाऊक.

रॉडी हा टॉरबर्नच्या कर्लिंग मंडळाचा अध्यक्ष. मूठ लावलेले ग्रॅनाइटचे जड दगड बर्फावरून सोडायचे आणि पुढे पळत झाडूने बर्फ घासून त्यांना हव्या त्या जागी न्यायचं, हा खेळ या लोकांच्या पणजोबांनी स्कॉटलंडहून इकडे दक्षिण गोलार्धात, मॅनिओटोटोच्या पठारावर आणला, तो अजून त्यांच्या अंगातून जात नाही. सगळ्या मंडळांचा उघड्या बर्फावरचा मेळा म्हणजे बॉनस्पील. त्याची तारीख माणसं ठरवत नाहीत, थंडी ठरवते. आणि टॉरबर्नमध्ये थंडीच्या वतीने एफी मॅकस्किमिंग बोलते, तिच्याआधी तिचे वडील बोलायचे.

एफीचा बाकीचा संसार सांगण्यासारखा नाही. आयुष्यभर तिने टपालाची गाडी चालवली. लग्न केलं नाही. गाव म्हणतं, तिचं लग्न तापमापकाशी लागलंय आणि नवरा वर्षातून चार महिने शून्याखाली असतो. घरामागच्या कुरणात झडपांची पांढरी पेटी आहे, तिच्यात तापमापक. शेजारी पाऊस मोजायचं नळकांडं आणि हिम किती पडलं ते बघायची रंगवलेली फळी. रोज सकाळी वाचायचं आणि हवामान कार्यालयाला फोन करून सांगायचं. या कामाचा तिला कुणी छदाम देत नाही. पण पेटी वाचल्याशिवाय तिने कधी चहा घेतलेला नाही, अंगात ताप असतानाही नाही.

कित्येक हिवाळे असे गेले होते की धरणावर धड साय धरावी एवढाही बर्फ झाला नाही. यंदाच्या जुलैत, म्हणजे इकडच्या ऐन हिवाळ्यात, मात्र थंडीने कमाल केली. आधी कोरडी थंडी पडून खाली काचेसारखा काळा, घट्ट बर्फ धरला. गाव आनंदाने वेडं व्हायचं बाकी होतं. आणि नेमकं त्याच आठवड्यात आर्ची डफ वारला. आर्ची म्हणजे तीन खोऱ्यांतला सगळ्यात जुना खेळाडू. कर्लिंगवाल्याची शवपेटी देवळातून बाहेर काढतात तेव्हा दोन्ही बाजूंनी झाडू उंच धरून त्यांची कमान करतात, त्यातून ती नेतात. झाडून सगळे झाडू घेऊन पलीकडच्या गावी गेले. एफीही गेली. इकडे दुपारभर हिम पडलं.

बर्फावर हिम पडलं की ते लगेच झाडायचं असतं. नाहीतर खालच्या बर्फावर गोधडी घातल्यासारखं होतं, वर कितीही गारठा असो, खाली जाडी वाढत नाही. झाडायला गावात माणूस नव्हतं आणि घरात झाडू नव्हता. दुसऱ्या दिवशी उन्हाने ते हिम अर्धवट वितळलं आणि संध्याकाळी तिथेच थिजलं. त्याचाच हा वरचा थर, दुधट, बुडबुड्यांनी भरलेला. वडील म्हणायचे, पांढरा बर्फ अर्धाच धरायचा. एफीने मनात अर्धा करून पाहिला. पुरत नव्हता.

"उद्या सकाळी सांगते," ती गिरमिट खांद्यावर टाकत म्हणाली.

"उद्या? एफी, परवा वायव्येचा वारा येतोय! तो आला की सगळं पाणी पाणी. उद्या नाही तर नाहीच."

"मला सांगतोस वाऱ्याचं?"

"नाही बाई, तुला कोण सांगणार!" रॉडीने हात जोडले. "पण साउथलँडची माणसं गाड्या भरून निघालीसुद्धा. त्यांना मी काय तोंड दाखवू?"

एफी घराकडे निघाली. भीती कसली वाटते ते तिने रॉडीला सांगितलं नाही. नऊ वर्षांची असताना तिने याच धरणावर शेजाऱ्यांची गाभण गाय बर्फातून खाली जाताना पाहिली होती. मोठा आवाज झाला नव्हता की किंकाळी नव्हती. गाय होती, आणि नव्हती. त्या भोकाकडे बघत वडील नुसते उभे होते, आणि एवढ्या मोठ्या माणसाला काहीच करता येत नाही हे बघूनच ती पोर घाबरून गेली होती. आता तिच्या डोळ्यांसमोर तीनशे माणसं होती. खेळताना पांगलेली असतात, तेव्हा एक वेळ ठीक; पण व्हिस्कीची बाटली फिरायला लागली की सगळी एका जागी गोळा होतात. त्यातलं प्रत्येक तोंड तिच्या ओळखीचं होतं. ज्याच्या घरी तिने टपाल टाकलं नाही असं त्यात कुणी नव्हतं.

स्वयंपाकघरात सँडी टेबलापाशी बसला होता. समोर जुन्या घोंगडीवर त्याचे दोन दगड. फडक्याने तो त्यांची बुडं पुसत होता. सँडी तिचा थोरला भाऊ. बायको गेली, मेंढ्या आणि जमीन मुलाने घेतली, आणि उन्हाळ्यात छातीचं दुखणं निघाल्यावर तो बहिणीकडे राहायला आला. डनिडन शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी एफीला बाहेर बोलावून सांगितलं होतं, वसंत ऋतू बघितला तर नशीब म्हणा. सँडीला हे कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याला सगळं माहीत होतं.

"जाडी किती?" त्याने विचारलं.

तिने सांगितलं.

"आणि पांढरा?"

"निम्म्याला जवळजवळ."

"हं," सँडी म्हणाला, कानातलं ऐकायचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि पुन्हा पुसायला लागला. बस्स, एवढंच. त्याने खेळू दे म्हटलं असतं तर तिला भांडता आलं असतं. तो काही मागत नव्हता, हेच तिला सोसवत नव्हतं.

फोन वाजला. सँडीने मानही वर केली नाही. एफीने उचलला. हॉटेलवाली मोइरा होती.

"एफी, मी दोनशे मटणाचे पॅटिस भट्टीत घातलेत. तू नाही म्हणालीस तर ते तुझ्या त्या पांढऱ्या पेटीत कोंबेन, सांगून ठेवते!"

"कोंब. पेटीतल्या उंदरांची सोय होईल."

"थट्टा नको गं. सगळ्या खोल्या भरल्यात. लोक जमिनीवर झोपणार आहेत. आणि..." मोइराचा आवाज खाली आला. "सँडीला खेळायला मिळेल ना? सगळे तेच म्हणतायत. सँडीसाठी तरी व्हायला हवं."

"बघते," एफी म्हणाली आणि फोन ठेवला. हो म्हणायला सगळं गाव तयार होतं, आणि त्यांच्याहून जास्त ती स्वतः. खरी भीती तिला स्वतःचीच वाटत होती. आपणच उद्या पट्टी वाचताना आकडा थोडा वर वाचू, अशी.

सकाळी पेटी उघडली तर उणे तेरा. मेंढ्यांच्या पाठी पांढऱ्या झाल्या होत्या, कुंपणाच्या तारा बोटाएवढ्या जाड झाल्या होत्या. एवढी थंडी बघून तिला क्षणभर वाटलं, सुटलो. चहा न घेताच ती धरणावर गेली. मधे भोक पाडलं. काळा थर थोडासाच वाढला होता, पांढरा तसाच. ओढा मिळतो तिथे, विलोच्या झाडांखाली पाडलं, तर गिरमिट दोन फेऱ्यांत फस्सदिशी आरपार गेलं. तिने पट्टी दोनदा वाचली. मग तिसऱ्यांदा वाचली, कारण तिसऱ्यांदा तरी काही वेगळं येईल असं वाटत होतं.

काठावर तोवर जत्रा भरली होती. लोकरीच्या टोप्या, मंडळांचे बिल्ले, खांद्यावर झाडू. पोरं गाडीच्या टपावर चढली होती. मोइराने पॅटिसच्या टोपल्या मांडल्या होत्या. रॉडी पुढे आला. त्याने तिच्या हातातल्या पट्टीकडे बघितलं.

"नाही," एफी म्हणाली.

"काय म्हणाली?" मागून कुणीतरी.

"नाही म्हणाली!"

"उणे तेराला नाही? मग काय दक्षिण ध्रुवावर खेळायचं का?"

"अहो, हिला व्हिस्कीतला बर्फ दिला तरी ही आधी भोक पाडून बघेल!"

हशा पिकला. साउथलँडचा एक लालबुंद चेहऱ्याचा गडी पुढे आला. "बाई, आम्ही पहाटे उठून आलोय. जाडी पुरेशी आहे म्हणता, आणि नाही म्हणता. म्हाताऱ्या बाईच्या वहिमापायी तोंडाला पानं पुसून परत जायचं का आम्ही?"

"जा," एफी म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्याहून बारीक निघाला. "परत जा, पण सगळे जा. एवढंच म्हणणं आहे माझं."

"एफीमावशी, मध्यभागी तरी?" रॉडीचा पुतण्या म्हणाला. "चार-चार जण उतरू. आळीपाळीने."

"चार उतरले की चाळीस उतरतील. मला माहीत नाही का तुम्ही?"

आणि तेवढ्यात मोइराचा आवाज आला, "अगं बाई, तो बघा सँडी!"

एफीने वळून पाहिलं. सँडी बांधाच्या बाजूने खाली उतरला होता आणि बर्फावर चालत होता. एका हातात झाडू, काठीसारखा टेकत. दुसऱ्या हाताने दगड मुठीला धरून बाजूने घसरत ओढत. मागे न बघता, सावकाश, बाजाराला निघाल्यासारखा.

"सँडी!" ती ओरडली. "सँडी, मागे फीर!"

तो वळला नाही.

"शाब्बास रे म्हाताऱ्या!" कुणीतरी ओरडलं. टोप्या हवेत उडाल्या. "बघा, बहिणीपेक्षा भावाला अक्कल आहे!" काही जणांनी झाडू उचलले. रॉडीच्या पुतण्याने एक पाय बर्फावर ठेवलासुद्धा.

एफी त्याच्या पुढ्यात गिरमिट आडवं धरून उभी राहिली. "पाय मागे घे. नाहीतर मोडीन."

"अगं, पण तो चाललाय ना! त्याला धरतंय तर..."

हेच. याच वाक्याची तिला भीती होती. एका माणसाला तो बर्फ धरणार होता, हे तिला माहीत होतं. दहांनाही धरला असता. सँडी मधे जाऊन दगड टाकून हसत परत आला असता, आणि मग देवाचा बाप खाली उतरला असता तरी या लोकांना थांबवू शकला नसता. तो बुडू नये म्हणून ती मनातल्या मनात देवाचा धावा करत होती, आणि तो सुखरूप परत येईल या विचाराने तिचं धाबं दणाणलं होतं. सख्ख्या भावाबद्दल असं काही मनात येतं का कुणाच्या? पण आलं. तिने ते मनातून हाकललंही नाही, कारण खरं तेच होतं.

सँडी मध्यावर थांबला. बर्फातून या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांबलचक कण्हणं गेलं. कडाक्याच्या थंडीत बर्फ असा आवाज करतोच, जाड असला तरी करतो, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. तरी सगळे गप्प झाले. सँडी एका गुडघ्यावर वाकला. त्याला खोकला आला, तो तसाच वाकून थांबला, खोकला ओसरू दिला. मग हात मागे नेला आणि दगड सोडला. उघड्या बर्फावरून जाणाऱ्या दगडाची ती घरघर टॉरबर्नने कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. काठावरच्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दगड सरळ गेला, दूर गेला, हळू झाला आणि थांबला.

सँडी उभा राहिला. मान एका बाजूला कलती करून बराच वेळ तसाच उभा होता. मग वळला आणि परत आला. दगडाशिवाय.

काठाशी त्याला वर ओढायला दोघं पुढे झाले. त्याला धाप लागली होती. त्याने झाडूवर दोन्ही हात टेकले आणि सगळ्यांवरून नजर फिरवली.

"खाली पाणी बोलतंय," तो म्हणाला. "मी ऐकलं. बर्फाखालून सरकतंय. एफी म्हणते तेच खरं. घरी जा."

कुणी हललं नाही. रॉडीने बर्फाच्या मध्याकडे बोट दाखवून विचारलं, "आणि तुझा दगड?"

"राहू दे तिथेच."

"राहू दे? सँडी, तुझ्या आजोबांचा दगड तो!"

"मी आणायला जाणार नाही. तुम्हीही कुणी जायचं नाही."

मग मात्र लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. कर्लिंगवाला घर विकेल, जमीन विकेल. बर्फावर दगड टाकून घरी जाणार नाही. असं कुणी पाहिलं नव्हतं. पुतण्याने पाय मागे घेतला. लाल चेहऱ्याच्या गड्याने टोपी काढली आणि पुन्हा घातली. हळूहळू झाडू गाड्यांत पडू लागले. मोइरा पॅटिस वाटत सुटली, पैसे घ्यायचंही तिच्या लक्षात आलं नाही.

एफी भावापाशी गेली. त्याचा मफलर सुटला होता. ती तो गुंडाळायला लागली आणि तिचा हात त्याच्या कानाशी थांबला. कान रिकामा होता. दुसराही रिकामा होता. ज्या यंत्राशिवाय सँडीला शेजारचा फोन ऐकू येत नसे, ते त्याने घातलंच नव्हतं.

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो धरणाकडे बघत होता.

"चल," एफी म्हणाली. त्याला ऐकू गेलं नाही. तिने त्याचा दंड धरला आणि दोघं घरी गेली.

वायव्येचा वारा ठरल्याप्रमाणे आला. पागोळ्या गळायला लागल्या, रस्ते चिखलाने भरले. बॉनस्पील झालं नाही ते नाहीच. पण धरणावरचा बर्फ काही लगेच गेला नाही. करडा पडला, वर पाणी साचलं, तरी मधे तो दगड होता. रस्त्याने जाणारी प्रत्येक गाडी वळणावर हळू व्हायची. दुकानात एफी शिरली की बोलणं थांबायचं. तोंडावर कुणी काही म्हणालं नाही, मात्र सगळ्यांनी दगड पाहिला होता. तिनेही पाहिला होता. एक दगड म्हणजे तीनशे माणसं नव्हेत, हे ती स्वतःला दिवसातून दहा वेळा सांगायची. तरी सकाळी पेटीकडे जाताना तिची नजर आधी तिकडे जायची, आणि दगड तिथेच असायचा. आपण चुकलो असलो तर? सँडीचा शेवटचा खेळ आपण फुकट हिरावून घेतला असला तर? खरं काय ते आता कधीच कळणार नव्हतं. इतकी वर्षं मोजण्यात घालवल्यावर जे मोजता येत नाही असं काहीतरी तिच्या वाट्याला आलं होतं.

सँडी आता अंथरुणातच असायचा. त्याची खाट तिने खिडकीशी आणली होती.

एके सकाळी ती पेटीपाशी गेली, तापमापक वाचला आणि वळली. धरणाचा मधला भाग उघडा झाला होता. पाण्यावर दोन बदकं होती. दगड नव्हता.

तिने कुंपणापाशी जाऊन पुन्हा पाहिलं. मग आत आली. सँडी जागा होता, उशीला टेकून बाहेर बघत. यंत्र आज कानात होतं.

"आज किती?" त्याने विचारलं.

"दोन. शून्याच्या वर."

"हं. वसंत आला म्हणायचा."

एफी खाटेच्या कडेवर बसली. त्याचा हात घोंगडीवर होता, तिने तो आपल्या हातात घेतला. हात गरम होता, नको इतका गरम.

"सँडी, खरं सांग. तुला त्या दिवशी काहीही ऐकू आलं नव्हतं ना?"

सँडीने तिच्याकडे पाहिलं. मग मोकळ्या हाताने सावकाश कानातलं यंत्र काढलं, घोंगडीवर ठेवलं आणि मान तिच्याकडे कलती केली.

"काय म्हणालीस?" त्याने विचारलं.

एफीने पुन्हा विचारलं नाही.